आउट कोण काढणार?

माझ्या वडिलांचे कऱ्हाडात सायकलचे दुकान होते. त्यामुळे सायकल विकत घेणे ही गोष्ट आमच्या घरात कोणी कधी केलीच नव्हती. सायकल दुकानातून घरी यायची आणि गिऱ्हाईक आले की मुकाट्याने परत दुकानात जायची. सातवीच्या एका वर्षात मी तीन वेगवेगळ्या सायकली चालवल्या आणि त्यांतली एकही माझी नव्हती. म्हणूनच वयाच्या अडतिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या बॉन शहरात, स्वतःच्या पगारातून पहिली नवी सायकल घेण्याची वेळ आली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून कसे वागायचे असते हेच मला उमगेना. काउंटरची पलीकडची बाजू मला पाठ होती, अलीकडची अजिबात नाही.

बॉनमध्ये माझ्याकडे एक जुनी, जड, पुढे टोपली लावलेली सायकल होती आणि ऑफिसला जाण्यासाठी, भाजी आणण्यासाठी ती पुरेशी होती. परंतु इथे ऱ्हाईनच्या काठाने मैलोन्‌मैल जाणारा सायकलमार्ग आहे आणि पश्चिमेला आयफेलच्या डोंगरांत चढत जाणारे अरुंद, गुळगुळीत, जवळजवळ निर्मनुष्य रस्ते आहेत. त्या रस्त्यांवर टोपलीवाली सायकल चढवताना मागून येणारी सत्तरीतली माणसे मला ‘हॅलो’ म्हणून सहज पुढे निघून जात, आणि दरवेळी मी मनात दोष सायकलला देत असे. तो दोष किती खरा आहे हे एकदा तपासावे, असे शेवटी ठरवले आणि रोड बाइकचा, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या हलक्या सायकलीचा, शोध सुरू केला.

आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या दुकानात ॲल्युमिनियमचा सांगाडा, कार्बनचा पुढचा चिमटा आणि शिमानोचा ‘१०५’ हा गिअरसंच असलेली सायकल सुमारे २,२०० युरोंना होती. जवळजवळ त्याच जोडणीची सायकल कोब्लेन्त्स शहरातल्या कॅनियन या सायकल कंपनीकडे सुमारे १,७०० युरोंना मिळत होती, मात्र एका अटीवर, की मध्ये दुकान नाही. तुम्ही मागणी नोंदवायची, कंपनीने खोके पाठवायचे आणि ते तुम्ही घरी उघडायचे. मी हे अप्पांना फोनवर सांगितले. अप्पांनी आता दुकान भाड्याने दिले आहे, पण दुकानदारी सोडलेली नाही.

“दुकान नाही, मग सायकल देतात कुठून?”

“कंपनीतून थेट घरी. खोक्यात.”

“आणि खोकं फोडणार कोण?”

“मीच, अप्पा.”

“बरं. आउट कोण काढणार?”

या शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसले, कारण तो प्रश्न चेष्टेचा नव्हता. चाक फिरताना डावी-उजवीकडे झोल घेते, तेव्हा ते आउट आहे असे आम्ही म्हणतो, आणि तारा कमी-जास्त ताणून ते सरळ करणे म्हणजे आउट काढणे. आमच्या दुकानात लुधियानाहून माल ट्रान्सपोर्टने यायचा तो सुट्या अवस्थेत: कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले सांगाडे, दोरीने एकत्र बांधलेल्या रिमा, जुड्या करून ठेवलेल्या तारा, पेटीत मडगार्ड आणि चेनकव्हर. सायकल म्हणून जे गिऱ्हाइकाच्या हाती पडायचे ते आमच्या मिस्त्रींनी फिटिंग करून तयार केलेले असे. एक चाक विणून त्याचा आउट काढायला त्यांना अर्धा तास लागे. एका हातात खडू, दुसऱ्या हातात पान्हा, आणि तोंडात तंबाखू असल्यामुळे अखंड मौन. कंपनीचे नाव सायकलीच्या नळीवर असायचे, पण ती सरळ चालायची ती मिस्त्रींच्या हातगुणाने, आणि त्यांचा पगार अप्पांच्या नफ्यातून निघायचा. मधला माणूस वगळला की माल स्वस्त होतो, हे वाक्य मी आयुष्यभर अनेकांच्या तोंडून ऐकत आले आहे. ते म्हणणाऱ्यांनी मधला माणूस नेमके काय करतो ते बहुधा कधी बसून पाहिलेले नसते. पाचशे युरो कमी द्यायचे म्हणजे त्या पाचशे युरोंचे काम माझ्याकडे येणार, एवढे मला त्या क्षणी स्वच्छ दिसले.

तरीही मी ती सायकल घ्यायची ठरवली. ते काम मला करायचे होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण थोडे भाबडे आहे. कॅनियनचे संस्थापक रोमान आर्नोल्ड लहानपणी सायकलशर्यतीत भाग घेत आणि त्यांचे वडील शर्यतीच्या ठिकाणी गाडीला जोडलेल्या ट्रेलरमधून इटालियन बनावटीचे सुटे भाग विकत. १९८५ मध्ये रोमान आणि त्यांचा भाऊ यांनी कोब्लेन्त्समध्ये सायकलचे दुकान काढले. पुढे स्वतःच्या सायकली बनवायला सुरुवात केली आणि २००२ पासून कॅनियन या नावाने, दुकानदारांना वगळून, थेट ग्राहकाला विकण्याचा मार्ग धरला. म्हणजे दुकानाशिवाय सायकल विकणारी ही कंपनी मुळात एका दुकानातूनच निघालेली आहे. मला त्यात विरोधाभास दिसला नाही, हिशेब दिसला. काउंटरवर बसलेल्या माणसालाच कळते की काउंटरचा खर्च किती येतो.

‘थेट’ या शब्दाचेही थोडे वजन करून पाहायला हवे. सांगाड्याचे आरेखन कोब्लेन्त्सचे असले तरी सांगाडे बनतात आशियातल्या कारखान्यांत. गिअर आणि ब्रेक शिमानो या जपानी कंपनीचे, जिची सुरुवात १९२१ साली साकाई शहरात झाली आणि जिचे पहिले उत्पादन होते फ्रीव्हील. (हे ऐकून अप्पांचा त्या सायकलीवरचा विश्वास एकदम वाढला, फ्रीव्हील नीट करू शकणारा माणूस बाकीचे बिघडवणार नाही, असे त्यांचे मत आहे.) एवढा प्रवास करून आलेल्या वस्तूला थेट म्हणायचे ते फक्त शेवटच्या एका मुक्कामाला फाटा दिला म्हणून. आणि जाहिरातीचे म्हणाल तर तिथे मात्र काटकसर नाही. पॅरिस–रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत मातियू फान डर पूल याने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे जिंकली ती याच कंपनीच्या सायकलीवर, आणि २०२४ ची महिलांची टूर द फ्रान्स काटारझिना निएवियादोमा हिने अवघ्या ४ सेकंदांच्या फरकाने जिंकली तीही याच कंपनीच्या सायकलीवर. त्या सायकलींची किंमत माझ्या सायकलीच्या कितीतरी पट असते आणि दोघींत नावाखेरीज समान असे फारसे काही नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही त्या ४ सेकंदांचा माझ्या निर्णयात काहीच वाटा नव्हता, असे मी शपथेवर सांगणार नाही.

दुकानदाराचे पहिले काम असते गिऱ्हाइकाचे माप ओळखणे. अप्पांकडे त्यासाठी दोन युक्त्या होत्या: सीट काखेत धरून हात सरळ खाली सोडला की बोटे पायडलच्या मधल्या दांड्याला लागली पाहिजेत, आणि कोपर सीटच्या टोकाला टेकवले की बोटांची टोके हँडलला पोचली पाहिजेत. त्यावरून बावीस इंची की चोवीस इंची, हा फैसला व्हायचा आणि तो क्वचितच चुकायचा. इथे मला स्वतःलाच भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये जाडजूड पुस्तक वर दाबून, त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे लागले. ते तीन वेळा मोजले आणि तीन वेगळे आकडे आले. त्यांतला मधला आकडा आणि १६४ सेंटिमीटर ही उंची कंपनीच्या संकेतस्थळावर भरली, तेव्हा मी नेमकी दोन मापांच्या सीमारेषेवर येऊन पडले.

रोड बाइकच्या बाबतीत ही सीमारेषा साधी नाही. आमच्या काळ्या उभ्या सायकलीवर माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो. थोडे माप चुकले तर सीट वरखाली करून निभावते. रोड बाइकवर कंबरेतून वाकून, हात पुढे टाकून तासन्‌तास बसायचे असते आणि शरीराचे वजन सीट, पायडल आणि हँडल या तीन ठिकाणी वाटले जाते. म्हणून केवळ सीटच्या नळीची लांबी पाहून भागत नाही; पायडलच्या मधल्या दांड्यापासून हँडलखालची नळी किती वर आहे आणि किती पुढे आहे, ही दोन अंतरे पाहावी लागतात. पहिल्या अंतराला स्टॅक आणि दुसऱ्याला रीच म्हणतात. स्टॅक जास्त असला की पाठ थोडी सरळ राहते, रीच जास्त असला की खांदे ताणले जातात. मी निवडलेली ‘एंड्युरेस’ ही मालिका लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी असल्यामुळे तिचा स्टॅक शर्यतीच्या सायकलीपेक्षा जास्त आहे. हे सगळे वाचून समजले, पण खांद्यांना ते वाचून समजत नाही. शेवटी मी एका शनिवारी रेल्वेने कोब्लेन्त्सला गेले, कारण कंपनीने तिथे ग्राहकांना सायकली बसून पाहण्यासाठी जागा ठेवलेली आहे. दोन्ही मापांवर बसले आणि दहा मिनिटांत लहान माप घेण्याचे ठरले. ज्यांचे घर त्या गावापासून तासाभरावर नाही त्यांनी काय करावे? युरोपीय संघात दुरून घेतलेला माल चौदा दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्क ग्राहकाला आहे, हा त्यांच्यासाठी दिलासा. पण जोडलेली सायकल पुन्हा सुटी करून खोक्यात भरणे म्हणजे काय असते हे ज्याने केले आहे तो मापाच्या बाबतीत आधीच सावध होतो.

‘किमतीच्या मानाने चांगली सायकल’ म्हणजे काय, याबद्दलही मी बरेच दिवस विचार केला. शिमानोच्या रोड बाइकच्या गिअरसंचांत क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी चढती पायरी होती. बाजारात मागचा गिअर बदलणारा भाग, ज्याला डिरेलर म्हणतात, तो वरच्या पायरीचा लावून बाकीचे भाग हलक्या प्रतीचे लावण्याची जुनी चाल आहे, कारण गिऱ्हाईक सायकलभोवती फिरताना नेमके डिरेलरवरचे नाव वाचते. हलकी प्रत लपवली जाते ती चेनमध्ये, मागच्या चक्रीत, ब्रेकमध्ये, आणि सर्वांत जास्त चाकांत. म्हणून भागांची यादी मी शेवटून सुरुवातीकडे वाचत गेले. या सायकलीला ब्रेकपासून मागच्या ११ ते ३४ दातांच्या बारा चक्र्यांपर्यंत सगळे १०५ चेच होते, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चक्र्या होत्या. पुढची लहान चक्री ३४ आणि मागची मोठी ३४ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा बरोबर एक फेरा, आणि आयफेलच्या चढावर माझ्यासारखीला त्याचीच गरज होती. चाके मात्र साधी आणि वजनदार होती. म्हणजे पैसे वाचवले होते, पण उघडपणे आणि जिथे नंतर बदलता येईल अशा ठिकाणी वाचवले होते. अप्पा याला सरळ धंदा म्हणाले असते.

खोके आले ते माझ्यापेक्षा थोडेच लहान होते. आत मागचे चाक आणि चेन जागेवर, पुढचे चाक, सीट आणि हँडल निराळे, गिअरच्या केबल आणि ब्रेकच्या नळ्या जोडलेल्याच, आणि एका डबीत घट्टपणा मोजणारा छोटा पान्हा. पायडल नव्हते. रोड बाइकला पायडल ज्याने त्याने आपल्या बुटांच्या पद्धतीप्रमाणे घ्यायचे असतात, ही प्रथाच आहे. पण सतराशे युरोंची सायकल पायडलांशिवाय येते हे ऐकून आईने फोन हातात घेतला आणि माझी फसवणूक झाल्याचे जाहीर केले.

पायडल बसवताना मला शिकवण्याची गरज पडली नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवले गेले होते. पाय मारताना पायडलच्या दांड्यावरचा दाब गोल फिरत राहतो आणि आटे सुलट असते तर डावे पायडल त्या फिरत्या दाबाने हळूहळू सुटून आले असते. कऱ्हाडच्या लोखंडी सायकलीला जो नियम, तोच या सायकलीला. एवढी एक गोष्ट दोघींत तशीच्या तशी सापडली तेव्हा मला उगीचच हायसे वाटले. बाकीचे मात्र परके होते. डिस्क ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबणाऱ्या ब्रेकच्या, दोन गुटक्यांमध्ये प्रवासापुरता प्लॅस्टिकचा तुकडा घातलेला असतो. तो काढल्यावर चाक बसेपर्यंत ब्रेक चुकूनही दाबायचा नसतो, नाहीतर तेलाच्या दाबाने गुटके एकमेकांना चिकटतात. हँडलचे चार स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नसतात, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे असतात, आणि त्या छोट्या पान्ह्याने कंपनीने सांगितलेला आकडा दाखवला की थांबायचे असते. मिस्त्रींचा आकडा त्यांच्या मनगटात होता. माझे मनगट ऑफिसात कळफलक बडवणारे, त्याला आकडा लागतोच.

चूक मी केली ती एका न सांगितलेल्या कामात. हँडल धरणारा स्टेम मला पुढच्या चाकाशी किंचित वाकडा वाटला, म्हणून त्याचे बाजूचे दोन स्क्रू सैल केले, स्टेम सरळ केला आणि पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत ब्रेक दाबला की हँडलखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. मी घाबरून खोके परत भरण्याच्या विचारात होते. फोनचा कॅमेरा सायकलीकडे करून अप्पांना दाखवले, तर ते म्हणाले, पुढचा ब्रेक दाबून धर, दुसऱ्या हाताचे बोट नळीच्या सांध्यावर ठेव आणि सायकल पुढेमागे हलव. बोटाला सांधा हलताना जाणवला. “मग छर्रे सैल आहेत,” ते म्हणाले, “वरून दाब दे, मग आवळ.” अशा जातीची सायकल त्यांनी जन्मात उघडली नव्हती आणि आता छर्रे त्यांच्या ओळखीच्या वाटीत नव्हे, तर बंद बेअरिंगमध्ये असतात; पण उपाय शब्दशः तोच निघाला. बाजूचे स्क्रू सैल करायचे, वरच्या झाकणाच्या स्क्रूने सांध्यावर बेताचा दाब द्यायचा, आणि मगच बाजूचे आवळायचे. मी मधली पायरीच गाळली होती. चूक सुधारायला चार मिनिटे लागली. अप्पा त्यानंतर आठवडाभर फोनवर विशेष प्रसन्न होते.

गल्लीच्या टोकाच्या दुकानातही मी एकदा ती सायकल घेऊन गेले, गिअर जरा अडखळत होते म्हणून. तिथल्या मेकॅनिकने नळीवरचे नाव वाचले आणि तीन आठवडे वेळ नाही असे सांगितले. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र परवाची वेळ मिळाली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दुसरीकडून घेतलेली सायकल फक्त दुरुस्तीला आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे अप्पा कोणत्या नजरेने पाहत, ते मला आठवत होते. मी घरी येऊन डिरेलरच्या केबलचा ताण स्वतःच अर्धा फेरा, पाव फेरा असा वाढवत गेले आणि गिअर सरळ झाले. त्या सगळ्या खटाटोपाला एक पूर्ण संध्याकाळ गेली. मेकॅनिकला दहा मिनिटे लागली असती.

खर्चाचे सांगायचे तर पायडल आणि बूट, उभा पंप, जादा ट्यूब, बाटली ठेवायची जाळी, दिवे, चांगले कुलूप आणि कायद्याने सक्तीची असलेली घंटी मिळून अडीचशेच्या वर युरो गेले. दुकानातून घेतली असती तरी यातले बरेचसे घ्यावेच लागले असते. अप्पांनी दुकानातल्या उरलेल्या मालातून एक पितळी आवाजाची जुनी घंटी कुरिअरने पाठवली होती, पण तिचा पट्टा आपल्याकडच्या बारीक हँडलच्या मापाचा आणि या हँडलची मधली जाडी ३१.८ मिलिमीटर, ती बसलीच नाही. ती आता टोपलीवाल्या सायकलीवर आहे.

पहिली लांब फेरी कोब्लेन्त्सपर्यंतच करायची, हे आधीपासून ठरले होते. ऱ्हाईनच्या डाव्या काठाने रेमागेनवरून, जिथे १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्याच्या हाती लागलेल्या पुलाचे काळे बुरूज अजून उभे आहेत, पुढे आंडरनाखवरून, साठ-पासष्ट किलोमीटर. सत्तरीतली माणसे त्या दिवशीही भेटली. त्यांतल्या काहींना मी मागे टाकले आणि काही पूर्वीसारखीच ‘हॅलो’ म्हणून पुढे गेली. तेव्हा दोषातला सायकलचा वाटा साधारण निम्मा होता, असे धरायला हरकत नाही. कोब्लेन्त्स हे नावच संगमावरून पडले आहे. तिथे मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि काटकोनात वळून पुढे जातात, तसा नाट्यमय प्रकार इथे नाही. इथे एक नदी बाजूने येऊन शांतपणे दुसरीत शिरते. मी टोकाच्या कठड्याला सायकल टेकवून अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नद्यांकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “मागचं चाक उचल आणि फिरव.”

मी फिरवले. तीनशे किलोमीटरांनंतर नव्या तारा थोड्या बसतात, तशा बसल्या होत्या. चाक एका जागी मिलिमीटरभर उजवीकडे जात होते. डिस्क ब्रेक असल्यामुळे रिमला ब्रेक घासत नाही आणि एवढ्या झोलाने काहीच बिघडत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग तारांचा पान्हा आणला आहेस का, असे विचारले. तो मी आणला होता, पाठीच्या खिशात, ट्यूबशेजारी. कठड्यापाशी बसून मी बोटाचे नख रिमजवळ धरले, चाक हळू फिरवले, नखाला लागणारी जागा शोधली आणि तिथली डाव्या बाजूची तार पकडली.

“पाव आटा दे,” अप्पा म्हणाले. “जास्त नको.”